पावाची कृती वाटीत नको, ग्रॅममध्ये द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लसूण-बटर लावलेल्या मऊ पावांची कृती आली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलीय, तिनं ती जशीच्या तशी करून पाहिली आणि संध्याकाळी एक पाव डिशमध्ये घेऊन माझ्याकडे आली, काकू बघा ना माझं काय चुकलं. पाव हातात घेतला तर जड, तोडला तर आत जाळी अशी नाहीच, सगळा घट्ट गोळा, आणि वरचा लसूण काळा पडून कडू झालेला. तिचं काहीही चुकलं नव्हतं, कृतीच अर्धवट होती, आणि म्हणून हे पत्र लिहितेय.

कृतीत नुसतं 'गरम दूध' लिहिलंय. आपल्याकडे गरम दूध म्हणजे गॅसवरून नुकतं उतरवलेलं, तिनं तेच ओतलं. यीस्ट जिवंत असतं, ५५-६० डिग्रीला ते मरतं आणि एकदा मेलं की पीठ रात्रभर झाकून ठेवलंत तरी फुगणार नाही. बाळाला दूध पाजायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघतो ना, तेवढंच कोमट हवं. एवढं एक वाक्य छापलं असतं तर त्या पोरीचा अख्खा रविवार वाया गेला नसता.

दुसरं ते वाटीचं. परवा मी मुद्दाम माझ्याच घरातली एक वाटी काट्यावर मोजली, मैदा चाळून चमच्यानं हलकेच भरला तर १०४ ग्रॅम आणि तीच वाटी डब्यात खुपसून दाबून भरली तर १२८. दोन वाट्यांत जवळजवळ ५० ग्रॅमचा फरक! भाजीत चालतं हो हे, आमटीत चालतं, पावात नाही चालत. पीठ तेवढं जास्त झालं की पाव कोरडा, आणि मग आपण वरून 'लागेल तसं पाणी' घालत बसतो. आता वजनकाटे काही फार महाग राहिले नाहीत, आमच्या ठाण्यात जांभळी नाक्याला सहज मिळतात, पण पेपरात ग्रॅममध्ये छापूनच येत नाही तर बायका काटा घेतील कशाला?

मी जी करते ती कृती देते, छापलीत तर बरं होईल. मैदा ३०० ग्रॅम, त्यातला २० ग्रॅम बाजूला काढून १०० मिली पाण्यात कालवायचा आणि मंद गॅसवर लापशीसारखा दाट होईपर्यंत ढवळायचा, मग गार करायचा. चिनी बेकर याला तांगझोंग म्हणतात पण मोदकाची उकड काढणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही, शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं म्हणून मोदक जसा मऊ राहतो तसाच पावही दुसऱ्या दिवशी मऊ राहतो. मग उरलेला मैदा, ही गार उकड, १०० मिली कोमट दूध, साखर ३० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम असं एकत्र मळायचं आणि पीठ जरा एकजीव झालं की मग ४० ग्रॅम बटर थोडं थोडं जिरवायचं. सुरुवातीला हाताला खूप चिकटतं. तिथेच सगळ्या घाबरून वरून मैदा भुरभुरतात आणि तिथेच पाव बिघडतो. नाही भुरभुरायचा, १२-१५ मिनिटं ओट्यावर आपटून ताणून मळत राहायचं, पीठ आपोआप हात सोडतं. झालं की नाही हे बघायचं असेल तर छोटा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, न फाटता इतका पातळ झाला पाहिजे की पलीकडून ट्यूबलाइटचा उजेड दिसेल. पीठ छान फुगावं म्हणून पूर्वी बाजारच्या पावात पोटॅशियम ब्रोमेट घालायचे, त्यावर २०१६ मध्ये बंदी आली. घरच्या पावात असलं काही नसतं, सगळी भिस्त या मळण्यावर.

आणि 'एक तास झाकून ठेवा' हे तर छापूच नका. कुठला एक तास? मे महिन्यात चरईतल्या माझ्या ओट्यावर ३५-४० मिनिटांत पीठ दुप्पट होतं, तासभर ठेवलं की आंबूस वास येतो आणि पाव भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, खाली बसतो, आणि तेच डिसेंबरात सकाळी सकाळी दीड तास लागतो. घड्याळ बघायचं नाही, पीठ बघायचं. दुप्पट झालं की साधारण ६० ग्रॅमचे ९ गोळे करून चौकोनी टिनमध्ये जवळजवळ लावायचे, परत फुगू द्यायचे, मग बोट ओलं करून एका गोळ्यावर हलकं दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धाच भरला तर लगेच भट्टीत घाला. भट्टी आधी तापवून १८० डिग्री, १८ ते २० मिनिटं.

आता वरचं बटर, ज्यासाठी घरातली सगळी ओट्याभोवती जमतात. कच्चा लसूण भाजायच्या आधी वर लावला की तो जळून कडू होणारच, त्या मुलीचं तेच झालं. आधी फक्त दुधाचा हात फिरवायचा. पाव भट्टीत असताना ३० ग्रॅम बटरमध्ये ४-५ पाकळ्या खलबत्त्यात ठेचून घालायच्या, अगदी मंद गॅसवर लसणाचा कच्चेपणा जाईपर्यंतच, लाल करायचा नाही, गॅस बंद करून मग कोथिंबीर. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करून घ्या, नाहीतर पाणी सुटून पावावर ओले डाग पडतात. मी त्यात चिमूटभर आगरी मसालाही घालते, आमच्याकडे तोच आवडतो. पाव बाहेर काढल्या काढल्या, टिनमध्येच असताना, ब्रशनं हे बटर लावायचं, सगळ्या फटींत जाऊ द्यायचं आणि सुती फडकं टाकून १० मिनिटं ठेवायचं. आतल्या वाफेनं वरची साल मऊ पडते.

पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत आपलं ठाणं त्यांच्याच ताब्यात होतं. आज मिसळ पावाशिवाय नाही, वडा पावाशिवाय नाही. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं मुंबईच्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरं स्वच्छ इंधन वापरायला सांगितलं तेव्हा सगळ्या पेपरांनी पावाचं काय होणार म्हणून केवढं लिहिलं, ते मी आवडीनं वाचलंही. मग तोच पाव घरी करू बघणाऱ्या वाचकाला चार ओळींत का उरकता?

जागा कमी असते हे समजतं. फोटो थोडा लहान करा पण ग्रॅम, डिग्री आणि पीठ कसं दिसलं पाहिजे हे छापा. आणि नाताळच्या पुरवणीत परत पाव घेणार असाल तर थंडीत पीठ फुगायला दीड तासही लागू शकतो हे तेवढं नक्की लिहा, कारण ती दुसऱ्या मजल्यावरची मुलगी तेव्हा परत करणार आहे.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे