एका ‘आमेन’साठी थांबलेल्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र मी पाकिटात घालून आपल्या हाती देऊ शकले असते. आपला बंगला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे उघडे लिहीत आहे. 6 वर्षांपूर्वी आमच्या लेकाविषयी जे बोलले गेले ते ध्वनिक्षेपकावरून, भरल्या मांडवात बोलले गेले होते, आणि निंदा चारचौघांत व्हावी व आभार मात्र बंद पाकिटात मानावेत, हे मला न्यायाचे वाटत नाही.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीसाठी भाकर व द्राक्षरस वाटण्याच्या विधीची, ताटली घेऊन वेदीपुढच्या कठड्याच्या बाहेर आलात आणि आमच्या मुलाच्या चाकांच्या खुर्चीपुढे उभे राहिलात. तो 16 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूला फार लवकर झालेल्या इजेमुळे त्याचा स्नायूंवर ताबा राहत नाही. समज शाबूत आहे, विनोदबुद्धी आमच्या घरात सर्वांत तिखट त्याचीच आहे, पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. आधी मान डावीकडे वळते, मग जबडा उघडतो, उजवा हात आपोआप वर जातो आणि या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी, आला तर, शब्द येतो. अनोळखी माणसे मान वळली की नजर काढून घेतात; ओळखीची माणसे त्याचे वाक्य त्याच्या वतीने पुरे करतात, आणि ते बहुधा चुकीचे पुरे करतात.

आपण ‘हे ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणून भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे धरलात. सवयीने मी ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडले, कारण आजवर त्याच्या वाट्याचे बहुतेक शब्द मीच उच्चारत आले आहे. आपण माझ्याकडे पाहून मान अगदी हलकेच हलवलीत आणि पुन्हा त्याच्याकडे पाहू लागलात. मागे रांग थांबली. पेटीवर चाललेले गीत संपले. पेटीवाल्या मामांनी चष्म्यावरून समोर पाहिले आणि कोणाला काही न विचारता शेवटचे कडवे पुन्हा धरले. कडव्याच्या तिसऱ्या ओळीला ‘आ’ आला. कडवे सरले, भाता थांबला, आणि त्या शांततेत ‘मेन’ आला. तोवर तुकडा धरलेला आपला हात खाली आला नव्हता. आपल्या बोटांना कंप आहे हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

एवढेच घडले. ते लिहायला मला महिना लागला.

6 वर्षांपूर्वीची गोष्ट आपण आमच्या मंडळीत येण्याआधीची आहे आणि आपल्याला ती कोणीतरी सांगितली असेलच, पण माझ्या तोंडून आपण ती ऐकलेली नाही. आरोग्यासाठी प्रार्थनेच्या तीन दिवसांच्या सभा होत्या. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी आमच्या मुलाला पुढे आणायला सांगितले, दोन स्वयंसेवकांनी त्याला खुर्चीतून उचलून व्यासपीठावर उभे केले आणि येशूच्या नावात चाल, असे म्हणून वक्त्यांनी त्यांना हात सोडायला लावले. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. तो उभा राहणे शक्यच नव्हते. तो पडला आणि त्याची हनुवटी फळीच्या कडेवर आपटली. त्यावर वक्त्यांनी जमलेल्यांना सांगितले की या घरात कबूल न केलेले पाप आहे आणि आईचा विश्वास डळमळीत आहे. ज्यांनी त्या वेळी मध्ये पडायचे तेच पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. हनुवटीला तीन टाके पडले. रात्री अंथरुणात त्याने मला एक प्रश्न विचारला आणि तो पुरा व्हायला फार वेळ लागला: “मी काय केलं?”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून हेच विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूचे उत्तर स्पष्ट आहे: याचेही नाही आणि त्यांचेही नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे हे उत्तर आधी हस्तलिखितांत व मग छापील स्वरूपात आपल्यापुढे असताना शिष्यांचा प्रश्न तेवढा जिवंत ठेवायचा आणि गुरूचे उत्तर विसरायचे, ही करामत आपल्या लोकांनी कशी साधली, हे मला कोणी तरी समजावून सांगावे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढेच त्याला सांगण्यात आले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे त्या वक्त्यांनी एकदा ध्वनिक्षेपकावरून म्हणून दाखवावे.

आपल्या सभागृहाच्या भिंतीवर पंडिता रमाबाईंची तसबीर आहे. दर वर्षी तिला हार घातला जातो. इंग्लंडात 1883 साली त्या गेल्या तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता आणि कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला, हे हार घालणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते? पुढे त्यांनीच केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि तेथे अंध मुलींनाही आसरा व शिक्षण मिळाले. त्या कानांसाठीही एखाद्या मांडवात गुप्त पाप शोधले गेले असते, या विचाराने मला त्या तसबिरीखाली बसून कधी कधी हसू येते.

लोकांची दुसरी एक तऱ्हा आहे, ती शिव्या देत नाही, हार घालते. “हा तुमचा क्रूस आहे, ताई,” असे मला किती जणींनी गहिवरून म्हटले असेल त्याची गणती नाही. माझा मुलगा हे लाकूड नव्हे. माझ्या खांद्यावर ओझे असलेच तर ते चर्चच्या चार पायऱ्यांचे आहे, ज्यांवरून खुर्ची चढवायला दर रविवारी दोन माणसे शोधावी लागत. शाळेच्या दाखल्यावर तो ‘दिव्यांग’ आहे. त्या शब्दामागचा हेतू चांगला असेल, पण त्याच्या अंगात दिव्य असे काही मी पाहिलेले नाही. तो खोटे बोलतो, धाकट्या बहिणीचा हेवा करतो आणि भेंडी खात नाही. त्याला देवदूत म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा भेंडी भरवून पाहावी.

आपण प्रथम घरी आलात तेव्हा मी आपल्याला चहाही न विचारता विचारले होते की देवाने हे का केले. मला वाटले होते, आता वचने येतील. आपण म्हणालात, “मला ठाऊक नाही,” आणि त्यानंतर जे गप्प बसलात ते इतका वेळ, की शेवटी मीच उठून चहा टाकला. बायबलातल्या, संकटांनी गांजलेल्या ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द काढला नाही. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय त्याला त्याचे पाप शोधायला लावले. ग्रंथाच्या शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी हे नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला. ज्याने देवाला जाब विचारला त्याच्या बाजूने देव उभा राहिला, ही गोष्ट मला त्या दिवशी चहा उकळताना आठवली. आपण ती मला सांगितली नव्हती, आणि बरे केलेत.

प्रभूने पुष्कळांना बरे केले, हे मी नाकारत नाही. मीही त्याच्या हातापायांचा ताठरपणा उतरावा म्हणून रोज तेल चोळताना प्रार्थना करते आणि जन्मांधाच्या गोष्टीतल्या त्या उत्तराचा पुढचा भाग, देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून, मला आजही पचत नाही. लेकरू म्हणजे का फळा आहे, कोणी त्यावर लिहून दाखवायला? आपल्याजवळ मी हे बोलले तेव्हा आपण मला त्या वचनाची गोळी पाण्याबरोबर गिळायला लावली नाही. त्या वाक्याशी माझे भांडण अजून चालू आहे.

मग आपण एकदा त्याच्याकडे वळलात आणि विचारलेत, “तुझ्यासाठी काय मागू?” यरीहोच्या रस्त्यावर बार्तिमयाला प्रभूने हेच विचारले होते, माणूस आंधळा आहे हे डोळ्यांना दिसत असताना. आमच्या लेकाला असे कोणी विचारलेच नव्हते. सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असे. त्याने बराच वेळ घेऊन सांगितले की मुंबई इंडियन्सने उद्याचा सामना जिंकावा. आपण हसलात आणि खरोखरच डोळे मिटून तसे मागितलेत. संघ सामना हरला, हा भाग वेगळा. पुढच्या भेटीत आपण तोच प्रश्न पुन्हा विचारलात, तेव्हा तो म्हणाला, “मला पण भाकर.”

इतकी वर्षे ताटली त्याच्यापुढून जात होती आणि त्याला ती हवी आहे हे मला, त्याच्या आईला, कळले नव्हते. याची लाज मी येथे लिहून ठेवते.

दृढीकरणाच्या, म्हणजे ज्यानंतर प्रभुभोजन घेता येते त्या विधीच्या, तयारीविषयी मी फार लिहीत नाही. मंडळीच्या पंचांपैकी काहींचे म्हणणे होते की ज्याला प्रश्नोत्तरे म्हणता येत नाहीत त्याला मेजाशी कसे बसवायचे. त्यावर, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी घालताना आपण त्याची परीक्षा घेतो का, असे आपण विचारल्याचे मला नंतर कळले. ज्यांनी हात वर केला त्यांचे आभार. ज्यांनी केला नाही तेही रांगेत त्या दिवशी आमच्या मागेच उभे होते आणि कोणी खाकरले नाही, म्हणून त्यांचेही मानते.

माझी स्वतःची आवडती गोष्ट जुन्या करारातल्या मफीबोशेथाची आहे. पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी अधू झाला, आणि पुढे दावीद राजाने आपला मित्र, म्हणजे त्याचा बाप योनाथान, याच्याखातर त्याला आपल्या पंक्तीला बसवले. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना मी वाट पाहत असे की आता राजा त्याचे पाय बरे करणार. अध्याय संपतो तो मात्र एवढेच सांगून, की तो नित्य राजाच्या पंक्तीला जेवत असे आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात. आपण प्रवचनात कधी हा अध्याय घेतलात तर कृपा करून त्या वाक्यापुढे काही जोडू नका.

मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही त्याला वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेले होते. त्या संस्थेतल्या डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 साली मोटार अपघातात कमरेखाली लुळेपणा आला, तरी त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि 1966 साली तेथे पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या खटपटीने. तेथे आम्हाला सांगण्यात आले की हे जाणारे दुखणे नव्हे. याच शरीरात त्याने काय काय करायचे ते आता शिकायचे. अंगणात सगळीकडे उतार होते. मला आठवते, मी परतीच्या गाडीत रडले ते निदानामुळे नव्हे, आपल्या चर्चच्या पायऱ्या आठवून.

त्या पायऱ्यांवर आपण फळ्यांचा उतार करून घेतलात, त्याबद्दलही आभार मानायला हवेत आणि मानते. पण उतार मागितला असता तर कदाचित दुसऱ्या कोणीही केला असता. सुताराला पैसे दिले की तो होतो. थांबायचे कसे ते कोणाला मागता येत नाही. चांगुलपणा म्हटला की आपल्याला काहीतरी देणारा हात आठवतो. त्या रविवारी मी देणारा हात पाहिला, तो काही न करता नुसता धरलेला होता, आणि एक पेटीवाले मामा पाहिले, ज्यांनी कोणाच्या सांगण्याविना एक कडवे जास्तीचे वाजवले. त्यांना मी गेल्या रविवारी त्याबद्दल विचारले. ते म्हणाले, “सूर लागला नव्हता म्हणून पुन्हा घेतलं.” मी वाद घातला नाही.

हे पत्र मी मुलाला वाचून दाखवले. भेंडीचे वाक्य काढायला त्याने सांगितले आणि मी काढलेले नाही. त्याच्या अक्षरफलकावर बोट ठेवून ठेवून त्याने आपल्यासाठी एक निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा उतरवते: “भाकर कोरडी होती. टाळूला चिकटली. पुढच्या वेळी रसात बुडवून द्या.”

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीच्या जागी, डावीकडच्या तिसऱ्या बाकाशेजारी असू.

आपली नम्र,
मंडळीतील एक आई