पकडीला हे कसलं नाव?

महोदय,

मुलगी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकडी घालून लढायच्या कुस्तीसारख्या खेळाच्या, क्लासला जाते. परवा ‘क्रॅकहेड कंट्रोल’ शिकवलं. ‘रबर गार्ड’ पद्धतीतली, म्हणजे पाठीवर पडून आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर उंच ओढून त्याला जखडायची, ही पकड. क्रॅकहेड म्हणजे कोकेनच्या व्यसनात बुडालेल्याला हिणवणारी अमेरिकी शिवी. पोरं खिदळली. ज्याचे वडील व्यसनमुक्ती केंद्रात आहेत, तो मुलगा मात्र मान खाली घालून पट्ट्याची गाठ सोडत-बांधत राहिला. मला बघवेना.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्युदोत नावच डाव सांगतं: ‘ओसोतो-गारी’ म्हणजे बाहेरून मोठी कापणी, प्रतिस्पर्ध्याचा पाय बाहेरून झटकून त्याला पाडायचं. आपल्या तालमीत मोळी डाव म्हटलं की प्रतिस्पर्ध्याला कसं आवळायचं तेच डोळ्यांपुढे येतं. क्लासचालकांनी पाय कुठे अडकतो यावरून या पकडीला नाव द्यावं. मुलं चार दिवसांत रुळतील.

– एक पालक, पुणे