पद्मिनीच्या डस्ट कॅप चुकीच्या मापाच्या दिल्याबद्दल तक्रार

नागपूर,
दि. १८ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांच्या डस्ट कॅप, पैसे परत मिळणे व बेअरिंगची भरपाई

महोदय,

६ मे रोजी मी आपल्याकडून पद्मिनीच्या पुढच्या चाकांसाठी डस्ट कॅपची एक जोडी मागवली. डस्ट कॅप म्हणजे हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) तोंड झाकणारं पत्र्याचं टोपण; आतल्या बेअरिंगचं ग्रीस बाहेर आणि धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून ते असतं. जोडीचे ६४० रुपये आणि कुरिअरचे ९०. आपल्या पानावर ‘पद्मिनी, सर्व मॉडेल’ असं लिहिलेलं होतं. तरीही ऑर्डर देण्याआधी मी फोन करून गाडी १९८४ ची आहे हे सांगितलं आणि ‘बिनधास्त मागवा’ असं उत्तर मिळाल्यावरच पैसे भरले. १३ मे रोजी पार्सल आलं.

गाडी माझ्या वडिलांची. ते गेल्यावर मी ती विकली नाही, आजही मीच चालवते. जुन्या कॅप गळत नव्हत्या, पण दरवेळी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यामुळे कडेला चेपल्या होत्या, म्हणून बदलायचं ठरवलं.

घाट रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी नवी कॅप हबच्या तोंडाशी धरली आणि ती अंगठ्याने आत गेली. तिथेच ते थांबले. ‘ताई, हे तं हालून राह्यलं नं,’ म्हणाले. या कॅपला आटे नसतात, स्क्रू नसतो. तिची कड हबच्या भोकापेक्षा केसभर मोठी असते आणि केवळ त्या दाबावर ती पकडून राहते. कडेच्या मापाचा पाइपचा तुकडा लावून, गोल फिरत, हलके हलके ठोकत बसवायची असते. घुमटावर मारलं की पत्रा चेपतो आणि कड वाकडी होते. जी कॅप अंगठ्याने बसते ती खड्ड्यात निघणार, हे सांगायला मोठ्या कारागिराची गरज नाही.

मी त्याच दिवशी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. मला सांगण्यात आलं की हब झिजलं असेल, कॅपची कड हातोडीने थोडी पसरवा आणि सीलंट लावून बसवा. मिस्त्री तयार नव्हते. कंपनीच सांगते आहे म्हणून मी आग्रह धरला, आणि १७ मे रोजी त्यांनी नाइलाजाने तसं केलं.

८ जूनला आम्ही रामटेकला गेलो. जाताना मनसरच्या अलीकडे पावसाची एक जोरदार सर लागली. परतताना कामठीजवळ गाडी हळू झाली तशी डावीकडून खुळखुळ ऐकू आली. कडेला थांबून वरची क्रोमची हबकॅप काढली, तर आपली डस्ट कॅप तिच्या आत सुटी पडलेली होती, एका बाजूने पार चेपलेली. सीलंटचा एक पापुद्रा हबला लोंबत होता. ग्रीस राखाडी झालं होतं. बोटांत घेतलं तर वाळूसारखं करकरलं. चिमूटभर मी कागदात पुडी बांधून आणलं आहे, तेही दाखवायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं. आतल्या रिंगवर बारीक ओरखडे होते, हाताने फिरवलं की खरखर लागत होती. बाहेरचं बेअरिंग बदलावं लागलं: बेअरिंग १,२५० आणि मजुरी ६००.

आता झिजलेल्या हबबद्दल. मिस्त्रींनी व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, तीन ठिकाणी माप घेतलं. आपली कॅप भोकापेक्षा ०.४ मिलिमीटरने लहान आहे. वडिलांच्या वेळची जुनी कॅप ठोकून सरळ केली, तर तीच त्याच हबमध्ये इतकी घट्ट बसली की काढताना पुन्हा स्क्रूड्रायव्हर लागला. हब झिजलं असतं तर हे झालं नसतं. मापं घेतानाचे फोटो सोबत आहेत.

९ आणि १२ जूनच्या माझ्या दोन्ही ईमेलला एकच उत्तर आलं: फिट केलेला पार्ट परत घेतला जात नाही. दाबून बसवायची वस्तू बसवल्याशिवाय मापाची आहे की नाही हे ग्राहकाला कळणार कसं? आणि हातोडी लावायला तर आपल्याच माणसाने सांगितलं होतं.

याचा मला खरोखर राग आला आहे. पद्मिनी बनणं थांबून पाव शतक होत आलं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर त्यांचा जुना माल कुठे ना कुठे मिळायचा. २०२३ मध्ये त्याही रस्त्यावरून गेल्या. आता आमच्यासारखे लोक आपल्यासारख्या विक्रेत्यांवरच विसंबून आहेत. मी थांबले तेव्हा चाक शाबूत होतं. पण कोणी याच कॅप लावून हायवेवर शंभर-दोनशे किलोमीटर गेला आणि कोरडं बेअरिंग तापून जाम झालं तर? पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे ते.

माझी मागणी अशी की कॅपचे आणि कुरिअरचे ७३० रुपये, तसंच बेअरिंग व मजुरीचे १,८५०, मिळून २,५८० रुपये परत करावेत. त्याहून महत्त्वाचं, या कॅपच्या पानावर कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये छापावा, ‘सर्व मॉडेल’ हे शब्द काढावेत, आणि कड पसरवून सीलंट लावण्याचा सल्ला आपल्या फोनवरून यापुढे कोणालाही दिला जाऊ नये. ज्यांना याच मालाची जोडी गेली आहे त्यांना आपण स्वतःहून कळवावं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात यावं लागणार नाही.

दोन्ही कॅप माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस आला की पावती घेऊन देईन.

आपली ग्राहक,
धरमपेठ, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, गॅरेजची पावती, व्हर्निअरच्या मापांचे सहा फोटो