पाहुण्याला लढाईची धून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लढाईच्या व्हिडिओ गेमवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. एका गेममधले पात्र दुसऱ्या गेममध्ये पाहुणे म्हणून उतरले की त्याची सर्वांत गाजलेली धून लावावी, आणि ती एमपी३ मध्ये घालावी, असा सल्ला त्यात आहे. आपल्या सिंधुदुर्गातली मुले उद्या दशावतारी लोकनाट्यातल्या संकासुराला असल्या गेममध्ये उतरवतील, तेव्हा त्यांनी या दोन्ही गोष्टी करू नयेत.

गाजलेली धून बहुधा शीर्षकाची असते, संथ, निवांत. मारामारीत ती झोपते. अनेक गेममधली पात्रे जिथे भिडतात त्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये 'किंगडम हार्ट्स' या गेममालिकेचा सोरा आला. त्या मालिकेची ओळख म्हणजे पियानोवरची शांत शीर्षकधून. निर्मात्यांनी तिची स्विंग अंगाची आवृत्ती घेतली. मूळ धून त्याच मालिकेतला 'मेलडी ऑफ मेमरी' हा गेम खेळल्याची साठवलेली नोंद (सेव्ह डेटा) असणाऱ्यांनाच वर मिळते. 'बॅन्जो-कझूई' या गेममधली त्याच नावाची जोडी सप्टेंबर २०१९ मध्ये आली, तेव्हा तिची बागडणारी धून मूळ संगीतकार ग्रँट कर्कहोप यांच्याकडूनच नव्याने बांधून घेतली. मला हीच रीत पटते. ओळख मूळची, पण बांधणी आखाड्याची.

धुनी किती मिळतात हे मालकाच्या परवानगीवर ठरते. 'फायनल फँटसी ७' या गेमचा क्लाउड डिसेंबर २०१५ मध्ये, 'अल्टिमेट'च्या आधीच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये, अवघ्या दोन धुनी घेऊन आला आणि 'अल्टिमेट'मध्येही २०२० च्या अखेरीस त्याच्याच गेमचा खलनायक सेफिरॉथ येईपर्यंत त्या दोनच राहिल्या. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये 'फेटल फ्युरी' या लढाईच्या गेममधल्या टेरी बोगार्डबरोबर पन्नास आल्या! पण क्लाउडच्या दोन्ही लढाईच्याच असल्याने त्या निभावून गेल्या. पन्नासांत निवड चुकली तरी खपते, दोनांत नाही. घरी गेम करणाऱ्यांकडे तर एकच असते.

आता संकासुराकडे. दशावतारात पात्र बाहेर येण्याआधीच पखवाज आणि झांज त्याची वर्दी देतात, मागे पेटी भरत असते. युद्धाला लय चढत जाते, आणि गेममध्ये नेमकी तिथेच पंचाईत होते. गेमचे संगीत गोल फिरते. पखवाजवाल्याने मिनिटाला १२० मात्रांवर धरून १५० वर नेलेला तुकडा तसाच फिरवला, तर दर फेऱ्याला लय धाडकन खाली आपटते. म्हणून वादकाच्या कानात मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक) द्यावा आणि लय एकच ठेवावी. चढ हवाच असेल तर दोन वेगळे तुकडे करावेत. 'टेक्केन ७' या गेममध्ये लढतीच्या शेवटच्या फेरीला संगीताचा असाच वेगळा भाग लागतो. 'स्ट्रीट फायटर २'ने १९९१ मध्ये कुणाची ताकद संपत आली की धूनच जलद करण्याची युक्ती वापरली होती. लढाईचे गेम बनवण्याच्या 'इकेमेन गो' या मोफत इंजिनातही (सॉफ्टवेअरमध्ये) शेवटच्या फेरीला निराळे संगीत लावता येते.

हिशेब असा. मिनिटाला १४० मात्रा धरल्या तर आठ मात्रांचे आवर्तन सुमारे ३.४३ सेकंदांचे. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (ध्वनीच्या सूक्ष्म नोंदी), म्हणजे एका आवर्तनाला बरोबर १,५१,२००. पहिली दोन आवर्तने वर्दीची, ती एकदाच वाजतात. पुढची सोळा फिरत राहतात. म्हणून लूपची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, सुरुवात ३,०२,४०० वर आणि शेवट २७,२१,६०० वर. फाइलमध्ये हे आकडे स्वल्पविराम न देता लिहायचे. फिरणारा भाग पंचावन्न सेकंदांचा होतो. याहून फार लहान केला तर एकाच फेरीत कंटाळा येतो. लय १४० ऐवजी १३७ घेतली की सॅम्पलचा आकडा पूर्ण येत नाही.

एमपी३ नको, कारण ती तयार होताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते आणि सांध्यावर उचकी लागते. ओजीजी या प्रकारची फाइल वापरावी. शेवटच्या थापेचा घुमारा लूपच्या टोकाला कापला गेला तर 'टप्' असा आवाज येतो. तो घुमारा कापून लूपच्या सुरुवातीवर मिसळावा.

ध्वनिमुद्रण एकाच बैठकीत उरकावे. आपल्याकडच्या दमट हवेत पखवाजाचे कातडे सैल पडून सूर उतरतो. सकाळचा आणि रात्रीचा तुकडा जोडला की पेटी एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे. डाव्या तोंडाला लावलेली कणीकही सुकत जाते, तेव्हा मधेमधे सूर तपासावा.

आणखी एक घोळ नेहमी होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा खर्ज आणि गेममधल्या ठोशाचा धप्प आवाज एकाच पट्ट्यात येतात. झांज तलवारीच्या खणखणाटावर बसते. मग फटका लागला की नाही तेच कळत नाही. संगीताचा १०० हर्ट्झखालचा भाग उतरवावा, झांज माइकपासून दोन-तीन हात लांब बसवावी आणि सगळे संगीत फटक्यांच्या आवाजापेक्षा सहा डेसिबल खाली ठेवावे. पेटी मात्र मध्यभागी छान बसते, तिला हात लावू नये.

चाल परंपरेने आलेली असली तरी वाजवणाऱ्याचा आपल्या वादनावर कायद्याने हक्क असतो, तो पन्नास वर्षे. जत्रेत मोबाइलवर टिपलेले दशावताराचे वादन गेममध्ये घालून वाटायचे असेल तर पेटीमास्तर, पखवाजवाला आणि झांजवाला या तिघांकडून लेखी परवानगी घ्यावी. तसेही त्या टिपणात माणसांचा गलका आणि जनरेटरची घरघर इतकी असते की लूपला ते चालत नाही.

आपला,
एक वाचक, कुडाळ