म्हाताऱ्याचं तोंड

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर. बस्स.

तिसऱ्या रेल्वे फाटकाकडं गटारीचं काम चाललंय. तिथला दगड फोडणारा एक म्हातारा चित्रात काढलाय. सुतकी डोक्यावर गेलेली, प्लास्टिकची चप्पल टाचेकडं तारेनं शिवलेली, आणि पटक्याच्या सावलीत तोंड दिसतच नाही. ओळखलंस ना? फ्रेंच चित्रकार कूर्बेचे ‘दगड फोडणारे’, १८४९. म्हातारा हॅटखाली, बुट्टी उचलणाऱ्या पोराचंही तोंड पलीकडं, आणि फाटक्या मोज्यातून दिसणारी ती टाच! त्या चित्रापायी मिरजेला आपली गाडी चुकली होती. तू म्हणायचास, तोंड झाकलं म्हणूनच तो कुठलाही मजूर होतो. मी म्हणायचो, रस्त्यात दिसलेल्या त्या दोघांना मुद्दाम स्टुडिओत बोलावलंन, मग तोंडं लपवायची कशाला? मूळ चित्र तर १९४५ सालीच ड्रेस्डेनजवळ युद्धात नष्ट झालं. अडीच मीटरहून रुंद होतं ते, आणि आपण गळा काढत होतो पोस्टकार्डाएवढ्या छपाईवर.

तर परवा म्हाताऱ्याची बायको चित्र बघून म्हणाली, “चप्पल बरोब्बर काढलासा. तोंड कुठं हाय?” मी तुझंच वाक्य फेकलं. (उसनं आहे, परत मिळणार नाही.) ती म्हणाली, “कुठला बी मजूर कसा? आमचं मालक हाईत हे.” मी गप्प. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, “तोंड नको सायेब. गावाकडं भाऊबंद हाईत. शेत असून दगड फोडतोय म्हणतील.” त्यावर ती जी उखडली! भाऊबंदांचा उद्धार सुरू झाला, मुकादम धावत आला, मी सायकल काढली.

आता कुणाचं ऐकू? तोंड त्याचं, पण मिरवायचंय तिला. अर्धवट बाजूनं दाखवून बघितलं कागदावर. दोघांनाही गंडवल्यासारखं दिसतंय. शिवाय व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेल्या के. बी. कुलकर्णींच्या गावात चित्र लावायचं, म्हणजे लोक आधी नाकडोळेच बघणार. तुझ्याकडून “तसंच ठेव” एवढं ऐकायचं नाहीये, ते मला पाठ आहे. म्हातारा नको म्हणतोय म्हणून झाकलेलं तोंड आणि कूर्बेनं झाकलेलं तोंड, दोन्ही एकच का, ते सांग.

वहिनींची बदली झाली का? धाकटीला चित्रकलेला घालू नकोस. कुंदा पाठवतोय, एकटा खाऊ नकोस. फ्रेमवाला रोज फोन करतोय, तेव्हा लवकर लिही.

तुझा,
अव्या