राजदूत नसलेला दूतावास

तालिन, एस्टोनिया, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून आज मुद्दाम लिहायला बसले. मी खुशाल आहे. जेवणखाण, अभ्यास, सगळं नेहमीसारखं चाललंय.

आई, तू टीव्हीवर रशियाच्या बातम्या बघून रात्रभर जागी राहतेस, असं प्रिया म्हणाली. अगं, सीमेवरचं नार्व्हा माझ्यापासून दोनशे किलोमीटरवर आहे, म्हणजे सांगलीहून पुणं. २०२४ च्या नाताळात फिनलंडकडून येणारी समुद्राखालची वीजवाहिनी तुटली, तेव्हा माझ्या खोलीतला दिवासुद्धा मिणमिणला नाही. आणि इथे आपला भारतीय दूतावास आहे. पूर्वी हेलसिंकीहून काम चालायचं, २०२१ पासून तालिनमध्येच कचेरी आहे. माझं नाव तिथे नोंदवलेलं आहे. आता तरी शांत झोप.

फोटोत माझ्या कोटाला दोरीनं काय लोंबतंय, असं विचारलं होतंस. तो ताईत नाही. त्याला इथे हेल्कुर म्हणतात. सध्या चार वाजायच्या आत दिवस मावळतो आणि अंधारात पायी चालणाऱ्याच्या अंगावर चमकणारी चकती असलीच पाहिजे असा इथे कायदा आहे. नसली तर पोलीस दंड करू शकतात. दोरी खिशाला आतून अडकवायची, चकती गुडघ्याच्या आसपास लोंबत ठेवायची, कारण गाडीचा उजेड खालून येतो. उजव्या बाजूला लावायची, म्हणजे रस्त्याच्या कडेनं जाताना ती गाड्यांच्या बाजूला येते. चालताना ती गरगर फिरते, म्हणून लांबूनही लुकलुकताना दिसते. शाळेची पोरं, म्हाताऱ्या बायका, सूटबूट घातलेले साहेब, सगळ्यांच्या गुडघ्याशी एकेक चकती. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांना मागून लाल चकत्या लावतात ना, तसंच, फक्त इथे माणसांना.

बाबा, तुम्ही विचारलंत की दूतावासाचा अभ्यास करून नोकरी कसली मिळणार. माझा प्रबंध ज्या दूतावासावर आहे त्याची गोष्ट तुम्हाला माझ्या सरांपेक्षा लवकर कळेल. तुम्ही २००५ च्या पुरात घरातलं धान्य राहू दिलंत आणि आधी चावडीतलं दप्तर गोणपाटात बांधून शाळेच्या माडीवर नेलंत. आई आठ दिवस बोलली नव्हती. भिजलेली फेरफाराची पानं आपण सुतळीवर वाळत घातली होती, त्यांचा वास मला अजून आठवतो.

या देशानं तेच केलंय. लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख, आपल्या सांगली जिल्ह्याच्या निम्मी. इथला सातबारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, कोर्टाची कामं, सगळं संगणकावर. एप्रिल २००७ मध्ये एका सोव्हिएत पुतळ्याच्या जागेवरून रशियाशी वाद पेटला आणि बँका, वर्तमानपत्रं, सरकारी कचेऱ्या यांच्या संकेतस्थळांवर बाहेरून इतका मारा झाला की ती ठप्प झाली. तेव्हा यांना उमगलं की जमीन जागेवर राहिली तरी दप्तर जाऊ शकतं. मग जून २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून महत्त्वाच्या नोंदींची प्रत तिकडे ठेवली. बेट्झडॉर्फ गावातल्या एका इमारतीत एस्टोनियाची यंत्रं आहेत. तिथे राजदूत नाही, व्हिसाची रांग नाही, पण संरक्षण दूतावासाचं. लक्झेंबर्गच्या अधिकाऱ्यालाही एस्टोनियाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारात लिहिलंय की वकिलातीचं दप्तर कुठेही असो, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या काळी दप्तर म्हणजे कागद. त्याच कलमाचा अर्थ आता यंत्रातल्या नोंदींपर्यंत कसा न्यायचा, हा माझा विषय. २०२३ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारनंही गुजरातेत गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रामध्ये इतर देशांना असे दूतावास थाटू देण्याचं म्हटलंय, म्हणजे नोकरीचं अगदीच अंधारात नाही.

यांना ही भीती का, तेही सांगते. १९४० मध्ये सोव्हिएत रशियानं हा देश गिळला. अमेरिकेनं ते कधीच मान्य केलं नाही, म्हणून न्यूयॉर्कमधली यांची वकिलात चालू राहिली. अर्न्स्ट याकसन नावाचे गृहस्थ नकाशावर नसलेल्या देशाचे पासपोर्ट देत राहिले. १९९१ मध्ये देश परत मिळाला, तेव्हा हेच गृहस्थ राजदूत झाले. हे वर्गात ऐकताना मला तुमचं गोणपाट दिसत होतं. तेव्हा तुमच्यावर चिडले होते, ते चुकलंच.

आता प्रियाच्या लग्नाच्या याद्यांचं. काका म्हणतात बोलणी व्हिडिओवर उरकू, सगळ्यांची सोय होईल. तसं करू नका. २०२० मध्ये करोनामुळे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांच्या प्रमुखांनी भाषणं आधीच चित्रित करून पाठवली. भाषणं झाली, पण अडलेलं काम सुटतं ते बाहेर चहाच्या टेबलाशी, असं वकिलातीत काम केलेले आमचे एक सर सांगतात. पाहुण्यांना घरी बोलवा, जेवू घाला, मगच कागदावर लिहा. मी फोनवर असेन. थोरली अजून बिनलग्नाची आणि धाकटीचं आधी, असं कुणी बोललं तर आईनं मनावर घेऊ नये. माझ्यासाठी आलेल्या कोल्हापूरच्या स्थळाला जूनपर्यंत थांबायला सांगा. थांबले नाहीत तर राहू दे.

दहा तारखेला साठ हजार पाठवते. सोसायटीचा हप्ता त्यातून भरू नका, तो मी वेगळा पाठवीन. हे पैसे आईच्या पाटल्यांचे. माझ्या तिकिटासाठी त्या बँकेत ठेवल्यात, त्या प्रियाच्या लग्नाआधी सोडवून आणा. आई, तू फोनवर हात कॅमेऱ्यापासून लांब ठेवतेस, ते मला दिसतं.

प्रबंध मेअखेरीस द्यायचाय आणि लग्न वैशाखात. सरांशी बोललेय, चार दिवसांची रजा मिळेलसं वाटतं. तिकीट हाती येईपर्यंत प्रियाला सांगू नका.

तुमची,
सुजाता