कड्यावरच्या वाऱ्याचे काय?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील आयर्लंडच्या मोहर कड्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. पण वाऱ्याबद्दल अवाक्षर नाही, आणि तिथे पहिली गाठ पडते ती त्याच्याशीच. मुलीकडे गेलो असता आम्ही ते कडे पाहिले. उत्तरायणात पतंगासाठी वाऱ्याची वाट बघत गच्चीवर बसणारे आम्ही बडोदेकर; तिथे छत्री उघडताक्षणी उलटी झाली आणि सौ.ची ओढणी उडून कठड्याला अडकली. (छत्री न्यायची कल्पना माझीच!)

कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या पर्यटकाचे छायाचित्र मात्र छापायला नको होते. हे कडे २१४ मीटरपर्यंत उंच, वालुकाश्म आणि शेल (चिखलापासून बनलेला मऊ, पापुद्र्यांचा खडक) यांच्या थरांचे आहेत. मऊ थर आधी झिजतो, वरचा अधांतरी राहतो. आपण कशावर बसलो आहोत हे वरून कळत नाही. वाटेच्या कडेला दगडी लाद्या उभ्या करून कठडा केला आहे, त्याच्या आतूनही सगळे दिसते. छत्रीऐवजी टोपीचे जॅकेट, न घसरणारे बूट आणि कठड्याच्या आत राहा, एवढे चौकटीत छापायला दोन इंच जागा पुरली असती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे